मसाल्याच्या डब्यातलं बी कोंबडीच्या खाद्यात: प्रतिकारशक्ती खरंच वाढते का?

आषाढ संपत आला की लालबाग, परळ, दादर, गिरगावात चिकनच्या दुकानांपुढे रांगा लागतात. श्रावण सुरू होण्याआधीचा शेवटचा रविवार असेल तर विचारायलाच नको. त्याच्या दोन-तीन महिने आधी, एप्रिल-मे महिन्यांत, याच भागातली कुटुंबं लालबागच्या मसाला बाजारात वर्षाचा मसाला करायला गेलेली असतात. मिरची, धणे, बडीशेप, शहाजिरं, मेथी, मोहरी असं सगळं घ्यायचं, भाजायचं आणि कांडून आणायचं.

यातल्या काही बिया, आणि त्यांच्यासोबत ओवा, जवस, कलौंजी, कोंबडीच्या रश्श्यातच नाही तर कोंबडीच्या खाद्यातही घातल्या जातात. कशासाठी? तर पक्ष्याची रोगप्रतिकारशक्ती वाढावी आणि त्याला अँटिबायोटिक कमी द्यावं लागावं म्हणून. जगभरातल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांमध्ये आणि कुक्कुट संशोधन संस्थांमध्ये गेली वीसेक वर्षं या विषयावर भरपूर प्रयोग झाले आहेत. 'हर्बल खाद्यावर वाढवलेली कोंबडी' अशी जाहिरातही आता दिसते.

पण 'प्रतिकारशक्ती वाढली' म्हणजे नेमकं काय झालं? ते मोजतात कसं? आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा? समजून घेऊया.

हा प्रश्न मुळात आला कुठून?

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या लेडर्ले या औषध कंपनीत. तिथे १९४० च्या दशकात ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक तयार झालं. आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव तेव्हा कंपनीचे संशोधन संचालक होते. औषध काढून घेतल्यावर उरलेला बुरशीसारख्या जीवाणूंचा चोथा कोंबड्यांच्या खाद्यात घालून बघितला, तर पिल्लं नेहमीपेक्षा झपाट्याने वाढली. थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे शास्त्रज्ञ खरं तर ब-१२ जीवनसत्त्वाचा स्रोत शोधत होते. पण वाढीचं कारण केवळ जीवनसत्त्व नव्हतं, चोथ्यात उरलेलं थोडंसं अँटिबायोटिक होतं.

यातून एक प्रथा जगभर पसरली. पक्षी आजारी नसतानाही रोजच्या खाद्यात अँटिबायोटिकची अगदी लहान मात्रा मिसळायची. पक्षी लवकर वाढतो, खाद्य कमी लागतं, मरतूक घटते. पोल्ट्रीवाल्यासाठी हा फायद्याचाच सौदा होता.

त्याची किंमत पुढे कळली. औषधाच्या लहान मात्रेला रोज तोंड देणाऱ्या जीवाणूंपैकी जे टिकतात, ते त्या औषधाला दाद न देणारे असतात. असे जीवाणू विष्ठेतून, पाण्यातून, मांसातून आणि पोल्ट्रीत काम करणाऱ्यांच्या हातांवरून बाहेर पडतात. शिवाय औषधाला दाद न देण्याचा गुण एक जीवाणू दुसऱ्याला देऊ शकतो.

स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी अँटिबायोटिक वापरायला बंदी घातली. १ जानेवारी २००६ पासून संपूर्ण युरोपीय संघात ती लागू झाली. भारतात २०१४ मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने राजधानी परिसरातून चिकनचे ७० नमुने तपासले. त्यांपैकी ४० टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. २०१५ मध्ये चीनमधून त्याहून गंभीर बातमी आली. कोलिस्टिन या औषधाला दाद न देणारा, एका जीवाणूतून दुसऱ्यात उडी मारू शकणारा जनुक डुकरांमध्ये, मांसात आणि माणसांमध्येही सापडला. बाकीची औषधं थकली की डॉक्टर शेवटी ज्याकडे वळतात, त्यांपैकी कोलिस्टिन एक. जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने खाद्यप्राण्यांसाठी, कुक्कुटपालनासाठी आणि पशुखाद्यासाठी कोलिस्टिनची निर्मिती, विक्री आणि वापर यांवर बंदी घातली.

परळमध्ये राहणाऱ्याला या गोष्टीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. केईएम, वाडिया आणि टाटा स्मारक रुग्णालय एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. साधा संसर्गही त्याच्या जिवावर बेतू शकतो आणि तेव्हा त्याला वाचवतं ते अँटिबायोटिकच. ते निकामी झालं तर उपचारांचा सगळा डोलाराच कोसळतो. कोंबडीच्या खाद्यात काय मिसळतात, हा प्रश्न म्हणून पोल्ट्रीवाल्यापुरता राहत नाही.

आता पोल्ट्रीवाल्याच्या बाजूने पाहा. अँटिबायोटिक काढून घेतलं, तर त्याच्या जागी काय? या प्रश्नाला आलेल्या उत्तरांमध्ये उपयोगी जीवाणू म्हणजे प्रोबायोटिक आहेत, सेंद्रिय आम्लं आहेत, पाचक एन्झाइम आहेत आणि आपल्या ओळखीच्या या बियाही आहेत.

सहा आठवड्यांचं आयुष्य

ब्रॉयलर म्हणजे मांसासाठी वाढवलेली कोंबडी. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू साधारण ४० ग्रॅमचं असतं. सहा आठवड्यांत ते दोन किलोच्या वर जातं. 'इंजेक्शन देऊन फुगवतात', 'हार्मोन देतात' असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. ते खरं नाही. ही वाढ पिढ्यानपिढ्यांच्या निवडीतून आली आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात शास्त्रज्ञांनी १९५७ सालची जात आणि २००५ सालची जात एकाच प्रकारच्या खाद्यावर शेजारी शेजारी वाढवली. ५६ दिवसांनी जुन्या जातीचा पक्षी सरासरी ९०५ ग्रॅमचा होता आणि नव्या जातीचा ४,२०२ ग्रॅमचा.

एवढ्या वेगाने वाढणाऱ्या शरीराला खाल्लेलं अन्न मांसाकडेही वळवायचं असतं आणि रोगांशी लढण्याकडेही. हजारो पक्षी एका शेडमध्ये, खाली भाताच्या तुसाचा थर, वर कोकणातला दमट उकाडा. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडी ठेवून धापा टाकणं हा तिचा थंड होण्याचा मुख्य उपाय. उष्णतेचा ताण वाढला की खाणं कमी होतं आणि प्रतिकारशक्तीही खालावते. मुंबईला ब्रॉयलर पुरवणाऱ्या पालघर, रायगड, नाशिक, पुणे या पट्ट्यातल्या पोल्ट्रीवाल्यांना उन्हाळ्यात हा अनुभव दरवर्षी येतो.

कोंबडीची प्रतिकारशक्ती असते कुठे?

आपल्याला काखेत किंवा मानेत गाठ सुजल्याचं जाणवतं. त्या लसीका ग्रंथी. कोंबडीत तशा ग्रंथी नसतात. तिच्या संरक्षणाचं बरंच काम आतड्याच्या भिंतीत, प्लीहेत आणि मानेतल्या थायमसमध्ये चालतं. याशिवाय तिच्याकडे एक असा अवयव आहे जो माणसात नाही. शेपटीजवळ, विष्ठा बाहेर पडते त्या जागेच्या वरच्या बाजूला एक लहानशी पिशवी असते. तिचं नाव बर्सा. इटलीतल्या पादुआचे शरीररचनातज्ज्ञ फॅब्रिशियस यांनी तिचं वर्णन केलं, म्हणून 'फॅब्रिशियसची बर्सा'.

ही पिशवी करते काय, हे त्यानंतर तीन शतकांहून अधिक काळ कोणाला माहीत नव्हतं. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक या विद्यार्थ्याने काही पिल्लांच्या बर्सा काढून टाकल्या. वाढीत फारसा फरक दिसला नाही. पुढे टिमोथी चँग या त्याच्या सहकाऱ्याला वर्गात अँटिबॉडी कशा तयार होतात हे दाखवण्यासाठी कोंबड्या हव्या होत्या. त्याने ग्लिककडच्या घेतल्या, त्यांना जीवाणूंचा अंश टोचला, आणि बर्सा काढलेल्या पक्ष्यांत अँटिबॉडी तयारच झाल्या नाहीत. वर्गातलं प्रात्यक्षिक फसलं, पण मोठा शोध लागला. 'सायन्स' या नियतकालिकाने तो लेख नाकारला. अखेर १९५६ मध्ये तो कुक्कुटशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला.

अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींना आज 'बी पेशी' म्हणतात. त्यातला 'बी' या बर्साचाच. आपल्या रक्ताच्या अहवालात येणारं हे नाव कोंबडीच्या शेपटीजवळून आलेलं आहे.

'वाढली' हे मोजतात कसं?

परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झालं. ते आता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. अशा महाविद्यालयांत खाद्याचा प्रयोग साधारण एका ठरलेल्या पद्धतीने होतो.

एकाच दिवशी जन्मलेली पिल्लं घेतात. वजन करून, कोणतंही पिल्लू मुद्दाम न निवडता त्यांचे गट पाडतात. एका गटाला साधं मका-सोयाबीनचं खाद्य, दुसऱ्याला त्यात अर्धा टक्का बी, तिसऱ्याला एक टक्का, चौथ्याला दोन टक्के. अनेकदा एका गटाला अँटिबायोटिकही देतात, म्हणजे तुलना करता येते. प्रत्येक गटाचे पुन्हा तीन-चार कप्पे, कारण एका कप्प्यात वारा जास्त, दुसऱ्यात ओल जास्त असं होऊ शकतं. सगळ्या गटांच्या खाद्यातली ऊर्जा आणि प्रथिनं सारखी ठेवावी लागतात. जवसात तेल भरपूर असतं. ते तसंच वरून घातलं आणि पक्षी वाढला, तर ती करामत औषधी गुणांची की निव्वळ जास्तीच्या तेलाची, हे सांगता येणार नाही.

मग दर आठवड्याला वजन, खाद्याचा हिशेब आणि प्रतिकारशक्तीच्या चाचण्या. त्यातल्या मुख्य तीन अशा:

* लसीला मिळालेला प्रतिसाद. मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लस सगळ्या पिल्लांना देतात. हा विषाणू लाल रक्तपेशींना एकमेकींना चिकटवतो. पक्ष्याच्या रक्तात अँटिबॉडी असतील तर त्या हे चिकटणं रोखतात. रक्तातला द्रव टप्प्याटप्प्याने निम्मा निम्मा पातळ करत जायचं: आठ पट, सोळा पट, बत्तीस पट. किती पातळ केल्यावरही तो विषाणूला रोखतो, तो आकडा जितका मोठा, तितक्या अँटिबॉडी जास्त.
* अवयवांचं वजन. बर्सा, थायमस, प्लीहा यांचं वजन शरीराच्या वजनाच्या तुलनेत किती आहे ते पाहतात. सतत ताणाखाली असलेल्या किंवा गंबोरो झालेल्या पक्ष्याची बर्सा आक्रसते. गंबोरोचा विषाणू नेमका बर्सावरच हल्ला करतो.
* रक्तपेशींचं प्रमाण. कोंबडीच्या रक्तातल्या हेटेरोफिल आणि लिम्फोसाइट या दोन पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर काढतात. ते वाढलेलं असेल तर पक्षी ताणाखाली आहे असं समजतात.

'प्रतिकारशक्ती वाढली' असं वाचलं की यातलं नेमकं काय वाढलं, हे आधी विचारायचं. लसीनंतर अँटिबॉडी जास्त मिळाल्या हा चांगला संकेत आहे. पण खरा रोग शेडमध्ये शिरल्यावर किती पक्षी वाचले, ही त्याहून कठीण परीक्षा असते. ती सगळेच प्रयोग घेत नाहीत.

आणखी एक गंमत. पिल्लू जन्मतः आईच्या अँटिबॉडी अंड्याच्या बलकातून घेऊन येतं. त्या दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. पहिल्या काही दिवसांत रक्त तपासून 'बघा, किती अँटिबॉडी आहेत' असं कोणी म्हटलं, तर श्रेय बियांचं नसून आईचं असण्याचीच शक्यता जास्त.

कोणतं बी काय करतं?

कलौंजी. सर्वांत जास्त अभ्यास झालेल्या बियांपैकी ही एक. तिच्या तेलात थायमोक्विनोन नावाचा घटक असतो. तो काही जीवाणूंची वाढ रोखतो आणि पेशींचं ऑक्सिडेशनमुळे होणारं नुकसान कमी करतो. खाद्यात एक-दोन टक्के कलौंजी दिल्यावर वजन आणि राणीखेतविरोधी अँटिबॉडी वाढल्याचे निष्कर्ष अनेक प्रयोगांत आले आहेत. काहींत मात्र साध्या खाद्यापेक्षा काहीच फरक दिसला नाही.

इथे नावांचा घोळ सांभाळावा लागतो. कलौंजीला काही जण काळं जिरं म्हणतात, तर काही दुकानांत शहाजिरं त्या नावाने मिळतं. तिला 'कांद्याचं बी' असंही म्हणतात, पण कांद्याशी तिचं नातं नाही. चटणीचे कारळे म्हणजे खुरासणी हे तर तिसरंच तेलबी. नावावरून बी आणून खाद्यात घातलं तर भलतंच काही पक्ष्याच्या पोटात जाऊ शकतं.

ओवा. ओव्याचा तो झणझणीत वास थायमॉलचा. थायमॉल जीवाणूंच्या पेशीचं आवरण बिघडवतं. आतड्यातल्या त्रासदायक जीवाणूंची संख्या कमी झाली की आतड्याचं अस्तर चांगलं राहतं, अन्न अंगी लागतं आणि संरक्षणावर होणारा शरीराचा खर्चही वाचतो. कारखान्यांत बनणाऱ्या अनेक 'हर्बल' खाद्यपूरकांमध्ये थायमॉल असतं.

मेथी. भिजवलेली मेथी बुळबुळीत होते ती गॅलॅक्टोमॅनन या तंतुमय पदार्थामुळे. आतड्यातल्या उपयोगी जीवाणूंना तो अन्न म्हणून चालतो. पण मेथी कडू आहे आणि तिच्यात सॅपोनिन असतात. प्रमाण वाढवलं की पक्षी खाद्य कमी खातो.

धणे. धण्यांच्या तेलात मुख्यतः लिनालूल असतं. दोन टक्क्यांच्या आसपास धणे दिल्यावर वाढ सुधारल्याचं काही प्रयोगांत दिसलं आहे.

जवस. याचं काम वेगळं. जवसात अल्फा लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-३ वर्गातलं तेल मुबलक असतं. ते पक्ष्याच्या पेशींच्या आवरणात जातं आणि दाह कमी करतं. त्यामुळे मांसातलं ओमेगा-३ सुद्धा वाढतं. पुण्याच्या भारती विद्यापीठात जवसाचा असा उपयोग करून ओमेगा-३ असलेली अंडी आणि कोंबडीचं मांस तयार करण्यावर काम झालं आहे. मात्र कच्च्या जवसात सायनाइड सोडणारे घटक असतात, ब-६ जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करणारा पदार्थ असतो आणि चिकट द्रव्यही असतं. चिकट द्रव्याने विष्ठा पातळ होते, शेडमधला तूस ओला होतो आणि ओल्या तुसात रोग वाढतात. म्हणून जवस उष्णता देऊन आणि बेताने वापरतात. दहा टक्क्यांच्या आसपास गेलं की वाढ खुंटल्याचं अनेकदा दिसतं. मांसाला माशासारखा वासही येऊ शकतो.

जवसाच्या उदाहरणातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. प्रतिकारशक्ती 'वाढवणं' नेहमीच चांगलं नसतं. दाह हाही प्रतिकाराचाच भाग आहे. तो विनाकारण चालू राहिला तर पक्षी खाणं सोडतो, खाल्लेलं मांसाकडे न जाता लढाईत खर्च होतं. लसीला जोरदार प्रतिसाद आणि एरवी शांत आतडं, हे दोन्ही एकत्र साधायला हवं. म्हणून 'वाढली' पेक्षा 'संतुलित राहिली' हा शब्द अधिक बरोबर ठरेल.

मग निकाल वेगवेगळे का येतात?

पहिलं कारण बी स्वतः. अँटिबायोटिकच्या गोळीत किती औषध आहे हे छापलेलं असतं. बीमध्ये किती थायमॉल किंवा थायमोक्विनोन आहे, हे जात, जमीन, काढणीची वेळ आणि साठवण यांवर ठरतं. मसाला जुना झाला की त्याचा वास उडतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. उडतं ते तेलच, आणि नेमकं तेच कोंबडीसाठी हवं असतं.

दुसरं कारण जागा. महाविद्यालयातली शेड स्वच्छ, पक्षी थोडे, पाणी चांगलं. तिथे साध्या खाद्यावरचे पक्षीही ठणठणीत असतात. मग बीला करून दाखवायला उरतं काय? गर्दीच्या, उकाड्याच्या शेडमध्ये फरक जास्त दिसू शकतो. उलट, तिथे रोगाचा जोर इतका असू शकतो की बी अपुरं पडतं.

तिसरं कारण आकडा. एका गटात तीस-चाळीस पक्षी असतील तर थोडासा फरक निव्वळ योगायोगानेही येतो. शिवाय 'फरक पडला' असं सांगणारे प्रयोग छापून येण्याची शक्यता 'काही झालं नाही' असं सांगणाऱ्यांपेक्षा जास्त असते.

हिशेब करून बघूया

शास्त्र जमलं तरी व्यवहार जमायला हवा. ब्रॉयलरच्या उत्पादन खर्चात सुमारे दोन तृतीयांश वाटा खाद्याचा असतो. खालचे भाव केवळ हिशेबासाठी धरले आहेत.

समजा पक्षी २.२ किलोचा झाला आणि एक किलो वजनासाठी त्याला १.७ किलो खाद्य लागलं. म्हणजे त्याने सुमारे ३.७ किलो खाद्य खाल्लं. त्यात एक टक्का कलौंजी म्हणजे ३७ ग्रॅम. भाव किलोला ३०० रुपये धरला तर एका पक्ष्यामागे ११ रुपये. पाच हजार पक्ष्यांच्या एका खेपेला १८५ किलो बी, साडेपंचावन्न हजार रुपये.

आता फायदा. खाद्याचं प्रमाण १.७ वरून १.६५ वर आलं तर पक्ष्यामागे ११० ग्रॅम खाद्य वाचलं. खाद्य ४० रुपये किलो असेल तर ४ रुपये ४० पैसे. मरतूक शंभरात पाचवरून चारवर आली आणि जिवंत पक्षी ९० रुपये किलोने गेला, तर पक्ष्यामागे आणखी साधारण दोन रुपये. एकूण साडेसहा रुपयांच्या आत. खर्च ११ रुपये.

म्हणजे एक टक्क्याला तोटा, अर्ध्या टक्क्याला जेमतेम बरोबरी, तीही फायदा तेवढाच मिळाला तर. यामुळेच उद्योगाचा कल अख्ख्या बियांपेक्षा त्यांच्यापासून काढलेल्या तेलांकडे आहे. ती टनाला काही ग्रॅमपासून काही शे ग्रॅमपर्यंत पुरतात आणि त्यांतल्या घटकाचं प्रमाण मोजता येतं. तेल काढून उरलेली पेंड हा दुसरा स्वस्त पर्याय.

आणखी एक वस्तुस्थिती. आज महाराष्ट्रातले बरेच शेतकरी कंपनीशी करार करून पक्षी वाढवतात. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची, शेड आणि मेहनत शेतकऱ्याची. किलोमागे ठरलेले काही रुपये त्याच्या हाती पडतात. खाद्यात काय घालायचं हे तो ठरवतच नाही. बियांचा किंवा अँटिबायोटिकचा निर्णय शेडमध्ये होत नाही, खाद्याच्या कारखान्यात होतो. बदल हवा असेल तर प्रश्नही तिथेच विचारायला हवा.

बी काय करू शकत नाही?

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू नोंदवला गेला. परिसरातले लाखो पक्षी नष्ट करावे लागले. अशा रोगापुढे कलौंजी, ओवा, मेथी यांपैकी काहीही उभं राहत नाही. मानमोडी आणि गंबोरोला लस लागते. बी दिलं म्हणून लस चुकवली तर अख्खी खेप जाऊ शकते. बी लसीचा प्रतिसाद थोडा सुधारू शकतं, तिची जागा घेऊ शकत नाही.

आजारी पडलेल्या पक्ष्याला जीवाणूचा संसर्ग असेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने अँटिबायोटिक द्यायलाच हवं. त्यानंतर ठरलेले दिवस तो पक्षी विक्रीला काढायचा नाही, हा नियम पाळायचा. आक्षेप उपचाराला नाही, निरोगी पक्ष्याला रोज औषध चारण्याला आहे.

ज्या देशांनी ही सवय सोडली, त्यांनी ती एखाद्या जादूच्या बीवर सोडलेली नाही. शेडमध्ये हवा खेळती ठेवणं, गर्दी कमी करणं, तूस कोरडा ठेवणं, पाणी स्वच्छ ठेवणं, दोन खेपांच्या मध्ये शेड रिकामी ठेवून धुणं, लसीकरण वेळेवर करणं, अशी कंटाळवाणी कामं त्यांनी केली. बी हा या यादीतला शेवटचा, छोटा हातभार. बाकीचं नीट असेल तर त्याचा उपयोग होतो.

आपल्या ताटाशी याचा संबंध काय?

कोंबडीने कलौंजी खाल्ली म्हणून तिचं मांस खाणाऱ्याची प्रतिकारशक्ती वाढत नाही. ओमेगा-३ सारखे काही घटक मांसात उतरतात, अँटिबॉडी नाहीत. त्यामुळे 'हर्बल चिकन' अशी पाटी दिसली तर दुकानदाराला किंवा कंपनीला एकच प्रश्न विचारावा: खाद्यात अँटिबायोटिक असतं का, आणि अंश तपासल्याचा अहवाल आहे का? काय घातलं यापेक्षा काय घातलं नाही, हे आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे.

घरी आणलेलं चिकन नळाखाली धुतलं तर शिंतोड्यांबरोबर जीवाणू ओट्यावर आणि भाजीवर पसरतात. त्यापेक्षा ते नीट शिजवावं. आतपर्यंत ७४-७५ अंश सेल्सिअस तापमान गेलं की औषधाला दाद न देणारे जीवाणूही मरतात. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट कोशिंबिरीसाठी वापरू नये. आणि सर्दी-पडशाला स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नये. खाद्यात रोज औषध मिसळणाऱ्या पोल्ट्रीत जे घडतं, तेच लहान प्रमाणात आपल्याही पोटात घडत असतं.

तेव्हा मसाल्याच्या डब्यातली बी कोंबडीच्या खाद्यात गेली तर पक्ष्याला थोडी मदत होते का? योग्य बी, योग्य प्रमाण आणि नीट ठेवलेली शेड असेल, तर होऊ शकते. पण तिची खरी परीक्षा पक्षी किती जाड झाला यात नाही. तिच्यामुळे खाद्यातून अँटिबायोटिकची किती पोती कमी झाली, यात आहे. कारण ते वाचलेलं औषध उद्या परळच्या एखाद्या वॉर्डात कुणाला तरी लागणार आहे.